पंच्याहत्तरावा चेंडू

१

रविवारी सकाळी रुहीला स्वतःची वेणी घालता येईना, तिथून हे सगळं सुरू झालं.

रुही बारा वर्षांची, आमच्या बेसबॉल क्लबची पिचर. पिचर म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज समजा, फक्त इथे षटकं नसतात, एकच जण बराच वेळ चेंडू टाकत राहतो. आदल्या दिवशीची मॅच तिने जवळजवळ एकटीने जिंकून दिली होती. आणि आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, कोपर टम्म सुजलं होतं. तिची आई सुमेधा तिला तशीच डॉक्टरकडे घेऊन गेली. वाढत्या हाडावर ताण आलाय, सहा आठवडे चेंडू बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि काल किती चेंडू टाकले म्हणून विचारलं. सुमेधाने ताठ मानेने सांगितलं, पंच्याहत्तर. आमच्या क्लबमध्ये त्याच्यावर एक टाकू देत नाहीत.

सुमेधा प्रत्येक मॅच फोनवर रेकॉर्ड करते, अकोल्याला सासूबाईंना पाठवायला. घरी आल्यावर तिने कालचा व्हिडिओ लावला आणि सहज मोजायला लागली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

दुपारी क्लबच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. ‘रुहीने काल एक्क्याऐंशी बॉल टाकलेत. दोनदा चेक केलं. काउंट कोण करत होतं?’

मी तो मेसेज स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचला. क्लबच्या वहीत शनिवारच्या पानावर पंच्याहत्तर हा आकडा होता आणि त्याखाली सही होती परीक्षित देशमुख अशी. म्हणजे माझी.

२

आमचा क्लब देव कर्णिकने काढला. देव चौतीस वर्षांचा, जन्म इथलाच, अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा, वडील तिथल्या विद्यापीठात. कॉलेजात त्याने नाव काढलं आणि मायनर लीगमधल्या एका टीमने त्याला घेतलं. मायनर लीग म्हणजे मोठ्या लीगच्या दाराबाहेरची रांग. तीन वर्षं तो बसने गावोगाव फिरला, स्वस्त मोटेलात राहिला, आणि चोविसाव्या वर्षी त्याचं कोपर गेलं. सर्जन म्हणाला, हे आजचं दुखणं नाही, लहानपणचं आहे. चौदाव्या वर्षी एका मॅचमध्ये त्याने एकशे तीसेक चेंडू टाकले होते. तीसेक म्हणायचं, कारण कोणी मोजलेच नव्हते. त्याचे वडील बाकावर बसून टाळ्या वाजवत होते.

त्या कोपराची खूण हाताच्या आतल्या बाजूला अजून आहे, बोटभर लांब. आमच्या या चँडलर गावात आल्यावर त्याने मुलांचा क्लब काढला तो या एका गोष्टीसाठी. आमच्या लीगमध्ये बारा वर्षांच्या पिचरला एका मॅचमध्ये पंच्याहत्तर चेंडूंची मर्यादा आहे. बाकीचे क्लब ती पाळल्यासारखं करतात. देवने तो आकडा आमच्या टीशर्टच्या पाठीवर छापला. पंच्याहत्तर झाले की तो मैदानात चालत जायचा आणि पिचरच्या हातातून चेंडू काढून घ्यायचा, मग मॅच हातची गेली तरी बेहत्तर. एकदा सेमीफायनल अशी घालवली, तेव्हा त्याचा असिस्टंट कोच विनय त्याच्याशी आठवडाभर बोलला नव्हता.

आणि आता त्याच क्लबच्या वहीत खोटा आकडा निघाला. घरच्या मैदानावर मोजणी यजमान क्लबची असते, त्यामुळे दुसरीकडे नोंद नव्हती. सुमेधाने लीगकडे तक्रार केली. लीगने कळवलं की गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीच्या हॉलमध्ये सुनावणी आहे. मोजणीत मुद्दाम फेरफार झाला असं ठरलं तर क्लबचं मैदान जाणार होतं आणि देवला मुलांना शिकवायची बंदी होणार होती. या माणसाकडे दुसरं काहीही नाही. कोपर नाही, करिअर नाही. होता तो हा क्लब.

सोमवारी ग्रुपवर देवचं एकच वाक्य आलं, आय ॲम रिस्पॉन्सिबल. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. मीही काही लिहिलं नाही.

३

सुमेधाची आई, शुभा मावशी, तीन आठवड्यांपूर्वी अमरावतीहून आली होती. बारीक अंगाची, साडीवर स्पोर्ट्स शूज घालणारी बाई. पण हिने बावीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि त्यातली अकरा वर्षं बोर्डाच्या परीक्षेत भरारी पथकात काढली होती. दहावी-बारावीला जे अचानक जीपमधून उतरतात आणि मुलांच्या मोज्यांतून चिठ्ठ्या काढतात, ते पथक. तिच्या नावाने तालुके कापायचे म्हणे.

मंगळवारी तिने सुमेधाला सांगितलं की तक्रार केलीस ते बरोबर केलंस, पण कोणाविरुद्ध केलीस ते अजून कळलेलं नाही. मग क्लबची वही, सुमेधाचे सगळे व्हिडिओ आणि एक पेन्सिल घेऊन ती कामाला लागली.

पहिला नंबर विनयचा. पुण्याचा, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, जिंकायची हौस दांडगी. त्याने आधीच तोंड वाजवलं की वॉर्मअपचे चेंडू सुमेधाने धरले असतील, ते मोजत नसतात. मावशीने वॉर्मअप वगळूनच मोजले होते. तेव्हा तो खाली बसला आणि म्हणाला की त्याला आणखी एक मॅच जिंकायला आवडलं असतं हे खरं, पण आकडा तो ठरवत नाही, तो फक्त ऐकतो. हे खोटं नव्हतं.

मग देव. तिने त्याला मराठीत विचारलं आणि त्याने मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर दिलं. प्रत्येक इनिंगनंतर तो माझ्याकडे बघून काउंट विचारायचा आणि मी सांगेन तो धरायचा. तुझा परीक्षितवर संशय आहे का, असं तिने सरळच विचारलं.

देव म्हणाला, “नाही, मावशी. परीक्षितदादा टेस्टिंगमध्ये आहे. मिस्टेक काढणं त्याचा जॉब आहे. आणि समजा चुकला, तरी क्लब माझा आहे. रुहीच्या आर्मला काय झालं, दॅट इज ऑन मी.”

हे मला मावशीनेच नंतर सांगितलं, शब्दन् शब्द. सांगताना ती माझ्याकडे बघत होती.

माझा नंबर शेवटचा. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे, दुसऱ्यांच्या डिझाइनमधल्या चुका शोधतो, त्याचेच पैसे मिळतात. मोजणीचं काम मी आपणहून मागून घेतलं होतं, कारण माझा मुलगा ईशान टीमचा कॅचर आहे, म्हणजे पिचरसमोर बसून चेंडू झेलणारा, आणि मला मैदानावर काहीतरी पद हवं होतं. काम सोपं. हातात क्लिकर, म्हणजे बटण दाबलं की आकडा एकाने पुढे सरकतो ते छोटं यंत्र. चेंडू पडला की दाबायचं, शेवटी वहीत लिहून सही करायची.

मावशीने विचारलं, रुहीच्या यंदाच्या चारही मॅचना मोजलंस तूच ना? मी म्हटलं, हो, मीच.

तिने क्लिकर मागितला. मी गाडीतून आणून दिला. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि पेन्सिलीने वहीत काहीतरी टिपलं. “यावर एकोणीस आहे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मुलांनी खेळताना दाबला असेल. ती हं म्हणाली आणि चहा प्यायला लागली. एकोणीस हा आकडा फेब्रुवारीतला होता. त्यानंतर त्या क्लिकरला मी हात लावला नव्हता.

४

आता खरं सांगतो. इथे तरी सांगायला हवं.

फेब्रुवारीपासून आमच्या चिपचं शेवटचं टेस्टिंग चालू होतं आणि शनिवारी सकाळी पुण्याच्या टीमबरोबर कॉल असायचा. मी मैदानाच्या कडेला गाडीत बसून लॅपटॉपवर बोलायचो. चेंडू मोजायला मी माझ्या वडिलांना बसवलं होतं.

बाबा, दिगंबर देशमुख, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. परतवाड्याला एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. क्लिकर त्यांना दिला तेव्हा त्यांनी दोनदा दाबून परत केला, संधिवाताने अंगठ्यात जोर नव्हता. राहू दे, मी मोजतो माझं माझं, म्हणाले. मीही जास्त विचारलं नाही. ते बाकावर बसायचे, उन्हातसुद्धा जाकीट घालून, आणि इनिंग संपली की मी काचेतून खूण करायचो, ते येऊन आकडा सांगायचे, मी तो देवला ओरडून सांगायचो. वहीत सही माझी.

सुमेधाचा मेसेज वाचला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो रुहीच्या हाताचा नव्हता. बाबांचं डोकं चालेनासं झालं, हा होता. गेल्या महिन्यात ते दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेले होते. मला वाटलं, मधेच डुलकी लागली असेल, सहा चेंडू निसटले असतील. मी खरं सांगितलं असतं तर सगळ्या चँडलरला कळलं असतं की परीक्षितने आपलं काम विसरभोळ्या म्हाताऱ्यावर टाकलं. मला माझी लाज वाचवायची होती, तिला मी बाबांची लाज असं नाव दिलं. बाबांना तर काही विचारलंही नाही. काय झालंय हे त्यांना घरात कोणी सांगितलं नव्हतं. देवचं एका वाक्याचं उत्तर मी रोज वाचत होतो आणि रोज ऑफिसला जात होतो.

बुधवारी सकाळी मावशीचा फोन आला. म्हणाली, वही आणि व्हिडिओ जुळवलेत, येऊन बघ.

तिने कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या मॅचला रुहीने खरे बावीस टाकले, वहीत बावीस. दुसरीला खरे तीस, वहीत अठ्ठावीस. तिसरीला चौसष्ट, वहीत साठ. शनिवारी एक्क्याऐंशी, वहीत पंच्याहत्तर.

“कॉपी करणारं पोरगं मी ओळखते,” मावशी म्हणाली. “त्याला जे येत नाही तेवढंच ते चोरतं. जे येतं ते कशाला चोरेल? शनिवारी सहा लपवले, समजू शकते, मॅच जिंकायची होती. पण तीस टाकले त्या दिवशी दोन का लपवले? मर्यादा पंच्याहत्तरची. कोणाचं काय अडलं होतं?”

मी म्हटलं, मग मोजणाऱ्याचं लक्ष नसेल.

ती म्हणाली, दुर्लक्षाला शिस्त नसते. इथे आहे. बावीसपर्यंत चूक शून्य. तीसला दोन, चौसष्टला चार, एक्क्याऐंशीला सहा. चूक वाढते ती दोन-दोननेच, आणि ठरावीक अंतरावर. हा माणूस एकही चेंडू चुकलेला नाही. तो कुठल्या तरी नियमाने दोन-दोन सोडून देतोय.

मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “व्हिडिओत तुझे वडील बाकावर खिशात हात घालून बसलेले दिसतात. या उन्हात ते जाकीट का घालतात रे?”

५

दुपारी चारला ती बाबांना फिरायला घेऊन गेली. मला मागे यायला सांगितलं होतं, पण बोलायचं नाही या अटीवर. आमच्या वसाहतीच्या पलीकडून मालगाडीचे रूळ जातात. तिथल्या बाकावर दोघं बसले आणि अमरावतीच्या एसटी स्टँडबद्दल बोलायला लागले. मी मागे झाडाच्या सावलीत उभा होतो.

गाडी आली. मावशीने सहज म्हटलं, मोजा बरं डबे, दोघंही मोजू. बाबांचा उजवा हात जाकिटाच्या खिशात गेला. डबे खडखडत राहिले. गाडी संपल्यावर बाबा म्हणाले, पन्नास. मावशी म्हणाली, माझे चौपन्न झाले.

बाबा हसले. तुमचेही बरोबर आहेत, म्हणाले, आणि खिशातून हात बाहेर काढला. बोटांत तुळशीची स्मरणी होती, सत्तावीस मण्यांची छोटी माळ. आईच्या आजारपणापासून ती त्यांच्या खिशात असते. मी ती रोज बघतो, बघून न बघितल्यासारखी.

त्यांनी मावशीला समजावलं, कंट्रोलरच्या आवाजात. मोठ्या माळेचे मणी एकशे आठ, पण जप धरायचा शंभर. वरचे आठ सोडून द्यायचे. आपलं मन कुठे भरकटलं असेल, एखादं नाव तोंडातल्या तोंडात राहिलं असेल, त्याची ती भरपाई. स्मरणी म्हणजे पाव माळ. सत्तावीस मणी, धरायचे पंचवीस. माझ्या आईने असंच शिकवलं, साठ वर्षं असंच मोजतोय, बाबा म्हणाले. एसटीत मात्र पेनाने लिहायचो, हेही त्यांनी सांगितलं.

“त्या पोरीचे चेंडूही असेच मोजलेत?” मावशीने हळूच विचारलं.

“हो तर. तीन फेऱ्या पूर्ण झाल्या की पंच्याहत्तर. डोळ्याची पापणी लवू दिली नाही मी. परक्याच्या लेकराचा हात आहे तो.”

मी झाडामागे तोंड झाकून घेतलं. ज्या माणसाचं डोकं गेलं असं मी तीन दिवस मनात धरून बसलो होतो, त्याने चार मॅचमध्ये एक चेंडू सोडला नव्हता. त्यांना फक्त कोणी सांगितलं नव्हतं की इथे सूट चालत नाही. ते सांगायचं काम माझं होतं.

मावशीने त्यांना तिथेच सगळं सांगितलं. बाबांनी आधी विचारलं की पोरीला फार दुखतंय का.

परतताना मावशी माझ्याजवळ थांबली. म्हणाली, “उद्या मी उभी राहून सांगितलं तर भरारी पथकाने पकडलं असं होईल. तू सांगितलंस तर तुझ्या मुलाला तुझ्याकडे बघता येईल. ठरव.”

६

गुरुवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये लीगचे तीन लोक, पंधरा-वीस पालक आणि मागच्या रांगेत ईशान होता. मी येऊ नकोस म्हटलं होतं, तो आला. रुही हाताला झोळी बांधून सुमेधाशेजारी बसली होती.

देवला पहिल्यांदा बोलायला सांगितलं. तो उभा राहिला आणि राजीनाम्याचा कागद खिशातून काढायला लागला. तेव्हा मी हात वर केला. मी इंग्रजीत सांगितलं की सही माझी आहे, मोजणी माझी नाही. मी गाडीत बसून कंपनीचं काम करत होतो, वडिलांना मोजायला बसवलं होतं, आणि मंगळवारी शुभा मावशीला आणि चार दिवस सगळ्यांना खोटं सांगितलं. देवला काहीही माहीत नव्हतं. बोलताना मी ईशानकडे बघायचा प्रयत्न केला. तो बुटांकडे बघत होता.

बाबांनाही बोलायचं होतं. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून देव भाषांतराला त्यांच्या शेजारी उभा राहिला. ज्याचं सगळं पणाला लागलं होतं तोच माणूस त्यांची बाजू दुसऱ्या भाषेत नेत होता. बाबांनी स्मरणी टेबलावर ठेवली आणि सत्तावीस आणि पंचवीस समजावलं. दोन मणी चुकांसाठी सोडायचे, यावर देव अडखळला. त्याने बाबांना पुन्हा विचारलं, मग लीगच्या लोकांकडे वळून म्हणाला, “ही गेव्ह टू अवे, इन केस ही वॉज राँग.”

लीगच्या बाईंनी ती माळ उचलून मणी मोजले.

मग बाबा रुहीकडे वळले. “बाळ, मी माझ्या चुकांसाठी सूट धरली, ती तुझ्या हातातून गेली,” ते म्हणाले. ते हात जोडायला लागले तेव्हा सुमेधाने उठून त्यांचे हात धरले.

रुही म्हणाली, “इट्स ओके, आबा. यू वॉच्ड एव्हरी वन.”

देववर ठपका आला नाही. यापुढे दोन जणांनी मोजायचं आणि दोघांनी सही करायची, असं लीगने सांगितलं. मला मोजणीतून कायमचं काढलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की सूज त्या सहा चेंडूंनीच आली असं म्हणता येणार नाही. नाही असंही म्हणता येणार नाही. हे दुसरं वाक्य मला पाठ आहे.

बाहेर पार्किंगमध्ये मी देवची माफी मागितली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, वाईट दिसायला नको म्हणून. म्हणाला, “दादा, मला एव्हरीबडी सांगतात माझ्या डॅडने मोजलं नाही ते ओके आहे, त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं ना.” आणि तो गाडीत बसून गेला. तो बोलतो माझ्याशी अजून. पण परीक्षितदादाचं परीक्षित झालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रुहीला परत चेंडू टाकायची परवानगी मिळाली, पहिल्या दिवशी फक्त तीस. चँडलरला तेव्हा सकाळी सहालाच ऊन चढायला लागतं. मोजायला आबाच हवेत, असं तिनेच सांगितलं होतं. दुसऱ्या मोजणीला शुभा मावशी पेन्सिल घेऊन बसली. बाबांनी त्या दिवशी जाकीट घातलं नव्हतं. स्मरणी उघड्यावर, मांडीवर होती. ईशान पलीकडे कॅचरच्या जागी बसला होता.

मी बाबांपासून दोन हात लांब बसलो, फोन गाडीत ठेवून. एकेक मणी सरकत गेला आणि त्यांचा अंगठा शेवटच्या मण्याशी येऊन थांबला. साठ वर्षं ते इथे पंचवीस म्हणत आले होते. त्यांनी घसा साफ केला.

“सत्तावीस,” ते मोठ्याने म्हणाले. मावशीने पेन्सिलीने खूण केली. देवने लांबून अंगठा वर केला.

मीही मनातल्या मनात मोजत होतो. माझेही सत्तावीसच झाले होते. मला कोणी विचारलं नाही.